नफा नेमका कुठे झाला? बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या परदेशी नफ्यावरचा कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करसल्ल्याचं काम करत असल्यामुळे हे प्रश्न मला मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सतत येतात. निम्मे पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या मंडळींचे, थोडे सीए करणाऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि दर बजेटनंतर हमखास एक: "गुगल आपल्याकडे कर भरतं का हो?" (ते प्रश्न १२ मध्ये.) एकच उत्तर दहा जणांना टाइप करण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवलं आहे.

१. परदेशातला नफा म्हणजे कोणाचा? कंपनी तर एकच असते ना?

पाटी एक असते, कंपन्या शेकडो असतात. मूळ कंपनी अमेरिकेत, तिच्या मालकीच्या उपकंपन्या आयर्लंड, सिंगापूर, भारत अशा ठिकाणी. कायद्याच्या नजरेत प्रत्येक उपकंपनी स्वतंत्र. एकाच वाड्यात राहणाऱ्या भावांनी चुली वेगळ्या मांडाव्यात आणि एकमेकांना दूध-दही विकत द्यावं, तसा हा कारभार. कोणत्या चुलीवर किती शिजलं, हे ठरवणं म्हणजेच हा सगळा विषय.

२. दोन्ही देशांनी कर लावला तर एकाच पैशावर दोनदा कर पडत नाही का?

पडू शकतो. कमाई जिथे झाली तो देश हक्क सांगतो आणि मालक जिथला रहिवासी तो देशही सांगतो. तोडगा म्हणजे दोन देशांतले दुहेरी कर टाळण्याचे करार आणि क्रेडिट, म्हणजे तिकडे भरलेला कर इकडच्या करातून वजा. भारताचे असे करार ९० हून अधिक देशांशी आहेत.

समजा एका भारतीय कंपनीच्या परदेशी शाखेने १०० रुपये कमावले, तिथे १० रुपये कर भरला आणि भारतात त्यावर २५ होतो. मग इथे फरकाचे १५ भरायचे. तिथे ३० भरले असतील तर इथे काही नाही, पण वरचे ५ परतही मिळत नाहीत. म्हणजे मूळ देश लगेच कर लावत असेल, तर कमी कराच्या देशात नफा ठेवून हाती फारसं काही लागत नाही. गोम 'लगेच' या शब्दात आहे. प्रश्न ७ पाहा.

३. कंपन्या नफा 'हलवतात' म्हणजे काय? पैसे बॅगेत भरून नेतात का?

बॅग लागत नाही, बिल पुरतं. एक औषधाची गोळी भारतात १०० रुपयांना विकली, बनवायला-वाटायला ४० गेले. नफा ६०. पण गोळीचं पेटंट परदेशातल्या भगिनी कंपनीच्या नावावर आहे आणि तिला ५० रुपये रॉयल्टी द्यायची आहे. इथे उरले १०. गोळी तीच, गिऱ्हाईक तेच, पण नफ्याचा पत्ता बदलला. कर्जावरचं व्याज आणि 'व्यवस्थापन शुल्क' ही याच घराण्यातली आणखी दोन बिलं.

ही रॉयल्टी सरळ बर्म्युडासारख्या करमुक्त बेटावर पाठवली तर भारतात २० टक्के टीडीएस कापला जातो. म्हणून पैसा वाटेत एखाद्या करार असलेल्या देशात थांबा घेतो. 'डबल आयरिश, डच सँडविच' हे खाण्याच्या पदार्थासारखं वाटणारं प्रकरण म्हणजे असाच प्रवास: आयर्लंड, मग नेदरलँड्स, परत दुसरी आयरिश कंपनी, जिचा कारभार बर्म्युडातून चालतो. आयर्लंडने २०१५ पासून नव्या कंपन्यांना हा रस्ता बंद केला आणि जुन्यांना २०२० पर्यंत मुदत दिली.

४. मग ट्रान्सफर प्रायसिंग बेकायदा आहे का?

अजिबात नाही. गटातल्या दोन कंपन्यांनी व्यवहार केला की किंमत लावावीच लागते, त्या किमतीचं नाव ट्रान्सफर प्राइस. नियम एवढाच, की अनोळखी दोघांनी बाजारात जी लावली असती तीच लावा. भारतात हे नियम १ एप्रिल २००१ पासून आहेत.

नियम एका ओळीचा, भांडणं मात्र कपाटभर. अनोळखी दोघांनी अशीच वस्तू कधी विकलेलीच नसते. मग 'तुलनायोग्य' कंपन्या शोधायच्या. माझ्याकडच्या एका फाइलमध्ये ४० माणसांच्या कोडिंग ऑफिसची तुलना स्वतःचं सॉफ्टवेअर पॅकेज विकणाऱ्या एका बड्या कंपनीशी केली होती, कारण काय तर दोघींच्या वर्णनात 'सॉफ्टवेअर' होतं. ती एक कंपनी यादीतून काढून घ्यायला आम्हाला अपिलात चार वर्षं गेली. सल्लागारही काही कमी नसतात. नफा कमी दिसेल अशाच कंपन्या त्यांच्या यादीत अलगद येऊन बसतात.

५. अ‍ॅपल आणि आयर्लंडचं प्रकरण एकदा नीट सांगाल का?

सांगतो, कारण सगळा विषय यात सापडतो.

अ‍ॅपल आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात १९८० पासून आहे. तिथल्या 'अ‍ॅपल सेल्स इंटरनॅशनल' या कंपनीच्या नावावर युरोपासह अमेरिका खंडांबाहेरच्या मोठ्या भागातली विक्री नोंदवली जायची. तुम्ही पॅरिसमधल्या दुकानात फोन घेतलात तरी कागदावर विकणारी ही आयरिश कंपनी. इथवर ठीक. पुढे या कंपनीचा नफा दोन भागांत वाटला जायचा: थोडासा कॉर्कच्या शाखेचा आणि बाकी सगळा 'मुख्यालया'चा. हे मुख्यालय कुठे होतं? कुठेच नाही. ना जागा, ना कर्मचारी, अधूनमधून संचालकांच्या बैठका तेवढ्या. आयर्लंडच्या कर खात्याने १९९१ आणि २००७ मध्ये ही वाटणी मान्य केली होती.

युरोपियन कमिशनने मांडलेले २०११ चे आकडे बघा: नफा सुमारे १६०० कोटी युरो, त्यातला आयर्लंडमध्ये करपात्र धरलेला जेमतेम ५ कोटी युरो. २०१४ पर्यंत कराचा प्रत्यक्ष दर ०.००५ टक्क्यावर आला, म्हणजे दर दहा लाख युरो नफ्यामागे ५० युरो. अमेरिकेला ही कंपनी आपली वाटत नव्हती, कारण तिथला कायदा नोंदणी कुठे झाली ते बघतो. आयर्लंडलाही वाटत नव्हती, कारण तेव्हाचा तिथला कायदा कारभार कुठून चालतो ते बघत होता. दोन्ही आरशांत न दिसणारा माणूस.

३० ऑगस्ट २०१६ रोजी कमिशनने सांगितलं, की ही बेकायदा सरकारी मदत आहे, आयर्लंडने १३०० कोटी युरोपर्यंतची रक्कम व्याजासह वसूल करावी. २०२० मध्ये खालच्या कोर्टाने हा आदेश रद्द केला. १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, आणि विषय संपला.

६. आयर्लंडला एवढे पैसे मिळत होते, तरी ते नको का म्हणत होते?

आयर्लंड आठ वर्षं अ‍ॅपलच्या बाजूने कोर्टात उभं राहिलं हे खरं आहे. हिशेब साधा होता. एकदाच येणाऱ्या १३०० कोटींपेक्षा 'इथे दिलेला शब्द बदलत नाही' ही ख्याती जास्त किमती. या ख्यातीवर आणि १२.५ टक्के दरावर तिथे औषध आणि आयटी कंपन्या आल्या, नोकऱ्या आल्या. आपल्याकडची राज्यं कारखान्यांसाठी जमीन-वीज स्वस्त देतात, तसाच हा प्रकार, फक्त इथे सवलतीचा खर्च शेजारच्या देशांच्या तिजोरीतून जात होता.

७. पण या अमेरिकन कंपन्या ना? अमेरिका गप्प का बसली होती?

कागदावर अमेरिका जगभरच्या नफ्यावर ३५ टक्के कर लावायची. पण उपकंपनीचा नफा लाभांश म्हणून मायदेशी आणला तरच. आणला नाही तर कर पुढे ढकललेला. मग कोण आणणार?

२००४ मध्ये सरकारने एकदा सवलत दिली: आत्ता आणा, ५.२५ टक्केच भरा. ३०० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम आली. हेतू रोजगाराचा होता, पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की बहुतेक पैसा शेअर परत विकत घेण्यात गेला. आणि कंपन्या धडा शिकल्या, की थांबलं तर पुन्हा सवलत मिळते. २०१५ पर्यंत बाहेर साठलेल्या नफ्याचा अंदाज २.६ लाख कोटी डॉलरवर गेला.

यातली गंमत अशी, की 'परदेशात अडकलेला' हा पैसा बऱ्याचदा अमेरिकेतल्याच सरकारी रोख्यांत आणि बँकांत असायचा. फक्त खातं आयरिश कंपनीच्या नावावर.

८. अमेरिकेच्या २०१७ च्या कायद्याने काय बदललं?

तीन गोष्टी. दर ३५ वरून २१ टक्के झाला. जुन्या साठ्यावर, तो मायदेशी आणा अथवा नका आणू, एकदाच कर बसला: रोख रकमेवर १५.५ टक्के आणि बाकीवर ८ टक्के, आठ वर्षांच्या हप्त्यांत. अ‍ॅपलने आपला आकडा सुमारे ३८०० कोटी डॉलर सांगितला.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इथून पुढे परदेशी उपकंपन्यांच्या नफ्यावर दर वर्षीच किमान कर, साधारण १०.५ टक्के. त्याचं लघुरूप 'गिल्टी' असं होतं; कायदा लिहिणाऱ्यांनी ते सहज केलं असेल असं मला वाटत नाही. २०२५ च्या कायद्याने ते नाव गेलं, २०२६ पासून दर १२.६ टक्क्यांच्या आसपास आला आणि यंत्रसामग्रीवर मिळणारी सूट काढून घेतली.

९. हातात न आलेल्या नफ्यावर कर लावणं कायदेशीर आहे का?

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो बंगळुरूमार्गे गेला. वॉशिंग्टन राज्यातल्या मूर दांपत्याने आपल्याकडच्या किसानक्राफ्ट या कंपनीत ४०,००० डॉलर गुंतवून सुमारे १३ टक्के हिस्सा घेतला होता. ही कंपनी छोट्या शेतकऱ्यांना अवजारं पुरवते. नफा व्हायचा, तो धंद्यातच परत जायचा. लाभांशाचा एक रुपया त्यांना मिळाला नव्हता. २०१७ च्या कायद्यामुळे (प्रश्न ८) त्यांना १४,७२९ डॉलरचा कर आला.

२० जून २०२४ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी निकाल लागला: कर वैध. उत्पन्न कंपनीला मिळालं आहे आणि ते भागधारकाच्या नावे धरण्याचा अधिकार संसदेला आहे, एवढ्यापुरताच. नुसत्या वाढलेल्या शेअर-किमतीवर कर चालेल का, हा मुद्दा कोर्टाने मुद्दाम उघडा ठेवला. दिग्गज कंपन्यांसाठी टाकलेल्या जाळ्यात हे जोडपं सापडलं. पण निकाल उलटा लागता तर त्या दिग्गजांचेही अब्जावधी डॉलर परत करायची वेळ आली असती.

१०. तो १५ टक्क्यांचा 'जागतिक किमान कर' म्हणजे काय?

ऑक्टोबर २०२१ मध्ये ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची संघटना) आणि जी-२० च्या छत्राखाली १३० हून जास्त देशांनी मान्य केलं, की ज्या गटाची उलाढाल ७५ कोटी युरो किंवा जास्त आहे त्याने प्रत्येक देशात निदान १५ टक्के भरावेत. भारत त्यात होता. पाकिस्तान, श्रीलंका, केनिया, नायजेरिया नव्हते.

दुबईतल्या उपकंपनीला १०० कोटी नफा झाला आणि तिथे ९ टक्के कर भरला, तर ६ कोटींची तूट. (पगार आणि मालमत्तेवर थोडी सूट असते, ती इथे सोडून देऊ.) हे ६ कोटी पहिल्यांदा दुबईच घेऊ शकते. तिने नाही घेतले तर मूळ कंपनीचा देश घेईल. त्यानेही नाही, तर गटाचं कामकाज असलेले इतर देश. अर्थात कोणीतरी घेणारच, तर आपणच का घेऊ नये? म्हणून संयुक्त अरब अमिरातींनी २०२५ पासून मोठ्या गटांसाठी १५ टक्के केले, आणि बर्म्युडानेही. आयर्लंड २०२४ पासूनच १५ वर आहे. लाज वाटून नव्हे, हिशेब करून.

११. अमेरिका त्यातून बाहेर पडली ना? मग करार संपला का?

अर्धा. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी जाहीर केलं की हा करार अमेरिकेला लागू नाही. जूनमध्ये जी-७ देशांनी मान्य केलं, की अमेरिकन गटांकडून ही १५ टक्क्यांपर्यंतची तूट (प्रश्न १०) दुसऱ्या देशांनी वसूल करू नये, कारण त्यांचा स्वतःचा किमान कर (प्रश्न ८) आहेच. बदल्यात अमेरिकेने परदेशी गुंतवणूकदारांवर बसवायचा 'सूड कर' मागे घेतला. जानेवारी २०२६ मध्ये कराराच्या व्यापक गटानेही ही तडजोड स्वीकारली.

पण ज्या देशात नफा झाला त्याने तिथल्या तिथे घेतलेला १५ टक्क्यांचा कर अमेरिकन कंपन्यांनाही लागतोच. कराराचा दुसरा भाग, म्हणजे ग्राहक जिथे आहेत त्या देशांना नफ्याचा वाटा, तो मात्र बासनात आहे. आपल्यासारख्या बाजारपेठांना खरा रस त्यातच होता.

१२. गुगल-फेसबुक भारतात कर भरतात का?

त्यांच्या भारतीय उपकंपन्या आपापल्या नफ्यावर भरतात. तुमचा प्रश्न असतो तो इथल्या जाहिरातीच्या पैशाचा, जो परदेशातल्या कंपनीकडे जातो. त्यासाठी भारताने २०१६ मध्ये ६ टक्के समकरण शुल्क आणलं, तेच 'गुगल टॅक्स'. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर २ टक्के आलं. अमेरिकेने याला भेदभाव ठरवून आयातशुल्काची धमकी दिली. २ टक्के १ ऑगस्ट २०२४ ला गेलं, ६ टक्के १ एप्रिल २०२५ ला.

कायद्यात 'लक्षणीय आर्थिक उपस्थिती' अशी तरतूद आहे: २ कोटींचे व्यवहार किंवा ३ लाख वापरकर्ते असले की भारत कर लावू शकतो. वाचायला जोरदार, पण कंपनी करार असलेल्या देशातली असेल तर करार वरचढ ठरतो, आणि अशा कंपन्या साहजिकच करार असलेल्या देशांत असतात.

१३. मी हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीच्या जीसीसीत (परदेशी कंपनीने स्वतःच्या कामासाठी इथे काढलेल्या केंद्रात) आहे. आम्ही केलेल्या कामाचा नफा कुठे दिसतो?

बहुतेक तुमच्या इथे नाही. तुमची भारतीय कंपनी मूळ कंपनीला 'खर्च अधिक मार्जिन' या पद्धतीने बिल लावते. पगार, भाडं, बस, कँटीन मिळून खर्च १०० कोटी, त्यावर समजा १५ टक्के: नफा १५ कोटी, त्यावर साधारण २५.१७ टक्के दराने कर ३.७८ कोटी. तुमच्या टीमच्या कोडमधून जगभर हजार कोटी कमावले गेले तरी इथला आकडा तोच.

समर्थन असं, की जोखीम मूळ कंपनी घेते; उत्पादन आपटलं तरी तुमचे १५ कोटी पक्के. हे खरं असेल तर रास्तही आहे. पण अ‍ॅपलच्या त्या कुठेच नसलेल्या मुख्यालयाला (प्रश्न ५) जवळजवळ सगळा नफा आणि हिंजवडीच्या भरलेल्या सात मजल्यांना पंधरा टक्के, हे मला कधीच नीट पचलेलं नाही. सीबीडीटीनेही (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) २०१३ च्या परिपत्रकात संशोधन केंद्रांबाबत सांगितलंय, की निर्णय कोण घेतं आणि जोखीम कोण सांभाळतं ते वागणुकीवरून बघा, करारातल्या शब्दांवरून नको.

उलट बाजूने, मूळ अमेरिकन कंपनीचाच 'मुक्काम' (धंद्याचं कायमचं ठाणं) भारतात आहे असं म्हणून तिच्यावर कर लावता येईल का? मॉर्गन स्टॅनलीच्या मुंबईतल्या बॅक ऑफिसबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं: बॅक ऑफिस म्हणजे मुक्काम नाही, मूळ कंपनीने पाठवलेले अधिकारी इथे काम करत असतील तर होऊ शकतो, पण भारतीय कंपनीला बाजारभावाने मोबदला मिळाला असेल तर वेगळं काढायला काही उरत नाही.

१४. व्होडाफोनचं प्रकरण हेच होतं का?

नाही, पण गल्लत नेहमी होते. तिथे चालू नफ्याचा प्रश्न नव्हता. २००७ मध्ये हचिसनने केमन बेटांवरची एक कंपनी विकली, जिच्या पोटात भारतातला मोबाइलचा धंदा होता. विकणाऱ्याला भांडवली नफा झाला, आणि आपण नोटीस दिली घेणाऱ्या व्होडाफोनला, टीडीएस का कापला नाही म्हणून. मुंबई उच्च न्यायालयात २०१० मध्ये प्राप्तिकर खातं जिंकलं, सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१२ मध्ये हरलं, आणि मग त्याच वर्षी कायदा पूर्वलक्षी प्रभावाने, पार १९६२ पासून बदलला. २०२० मध्ये हेगच्या लवादात भारत हरला, २०२१ मध्ये तो पूर्वलक्षी भाग मागे घेतला आणि वसूल केलेले सुमारे ८,१०० कोटी परत करायचं ठरलं. त्यातला बहुतेक वाटा याच पूर्वलक्षी कायद्यात सापडलेल्या केर्न या तेल कंपनीचा. अशा अप्रत्यक्ष विक्रीवर कर मात्र २०१२ नंतरच्या व्यवहारांना आजही लागतो.

१५. आपल्या भारतीय कंपन्यांच्या परदेशी नफ्याचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. भारतात परदेशी उपकंपनीचा न वाटलेला नफा मूळ कंपनीच्या नावे धरणारा नियमच नाही. २०१० च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या विधेयकात तो होता, ते विधेयक बारगळलं. म्हणजे २०१७ पूर्वीच्या अमेरिकेला आपण जी नावं ठेवतो (प्रश्न ७), तीच सोय आपल्याकडे आजही आहे. लाभांश आणला की नेहमीच्या दराने कर; १५ टक्क्यांचा सवलतीचा दर मार्च २०२२ नंतर संपला.

एक लगाम आहे. परदेशातल्या उपकंपनीचे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात भारतात बसून होत असतील, तर ती भारतातच रहिवासी धरली जाते आणि तिच्या जगभरच्या नफ्यावर इथे कर. ५० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर यातून सूट. त्यामुळे बोर्डाच्या बैठकीसाठी सिंगापूरला विमानाने जाणारे प्रवर्तक दिसले, तर ते फिरायलाच चाललेत असं समजू नका.

१६. मला कंपनीचे अमेरिकन शेअर मिळाले आहेत. त्यांच्या लाभांशावर कापलेला कर परत मिळेल का?

हा कंपनीचा नाही, तुमचा वैयक्तिक विषय, पण सगळ्यात जास्त येतो म्हणून: करारानुसार तिथे २५ टक्के कापतात, त्याचं क्रेडिट इथे प्रश्न २ मधल्या रीतीने मिळतं. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते शेअर दाखवायला विसरू नका.

१७. जहाज कंपन्यांनाही हेच सगळं लागू होतं का?

नाही. जहाज आज न्हावा शेव्याला, पुढच्या आठवड्यात कोलंबोला. नफा कुठे झाला हे कोण ठरवणार? म्हणून बऱ्याच करारांत आंतरराष्ट्रीय जहाज वाहतुकीचा नफा फक्त कंपनीच्या मूळ देशात करपात्र असतो, आणि १५ टक्क्यांच्या किमान करातूनही (प्रश्न १०) तो वगळला आहे.

पण कराराचं संरक्षण नसलेलं परदेशी जहाज कधीमधी आपल्या बंदरात माल भरायला आलं तर १९६१ च्या कायद्यात कलम १७२ ची जुनी, रोकडी तरतूद होती, आणि नव्या कायद्यातही ती रीत राहिली आहे. इथून भरलेल्या मालाच्या भाड्याचे ७.५ टक्के हे उत्पन्न मानायचं, त्याचं विवरण जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाने द्यायचं. कर भरेपर्यंत किंवा त्याची हमी मिळेपर्यंत कस्टम्स पोर्ट क्लिअरन्स देत नाही. व्यवहारात एजंट आधीच प्राप्तिकर कार्यालयातून ना-हरकत काढून ठेवतो, कारण धक्क्यावर जहाज एक दिवस जास्त उभं राहिलं तर त्याचं भाडं कराहून जड जातं.